डॉक्सिजन: आठ महिने वापरल्यावर, एका ‘<’साठी

मंगळवारी क्लायंटचा फोन. “तुमच्या डॉक्युमेंटमध्ये तापमान मिलिॲम्पिअरमध्ये दिलंय, बरोबर आहे का?” मी हसलो. मग पान उघडून बघितलं आणि हसू जिरलं.

बॅटरी पॅकच्या कोडमधल्या स्ट्रक्चरमध्ये तीन फील्ड: व्होल्टेज, करंट, तापमान. प्रत्येकाच्या शेजारी, त्याच ओळीत मी कॉमेंटमध्ये एकक लिहिलेलं: /// मिलिव्होल्ट, /// मिलिॲम्पिअर, /// सेल्सिअस. कोडमधल्या कॉमेंट, म्हणजे टिपा, वाचून डॉक्युमेंट बनवणाऱ्या डॉक्सिजनच्या लेखी नुसतं /// म्हणजे पुढे जे येईल त्याचं वर्णन. मागच्याचं सांगायचं तर ///< हवं. तेवढा बाण नाही म्हणून सगळं एक घर खाली सरकलं. करंटला मिलिव्होल्ट, तापमानाला मिलिॲम्पिअर, व्होल्टेज कोरं, सेल्सिअस बेवारस. कोड बिनचूक, डॉक्युमेंट साफ खोटं.

रिव्ह्यूत एक तारा देऊन मोकळा होणार होतो. पण तावातावाने डॉक्सीफाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, उघडली तर एक्स्ट्रॅक्ट-ऑल (कॉमेंट नसलेलंही सगळं दाखव) ‘येस’. पहिल्याच दिवशी मीच केलेलं, पानं भरगच्च दिसावीत म्हणून. ते चालू असलं की ‘याला कॉमेंट नाही’ हा इशाराच बंद होतो! म्हणजे कोऱ्या व्होल्टेजबद्दल बिचारं ओरडणार होतं, तोंड मीच दाबलेलं. ‘नो’ केलं आणि 312 इशारे धबाधबा आले. त्यात आपलेच शंभरेक, बाकी जुन्या लोकांची पुण्याई.

फंक्शनच्या पॅरामीटरचं नाव बदललं आणि वरच्या कॉमेंटमध्ये जुनंच राहिलं, तर हे टूल फंक्शनचं नाव आणि ओळ नंबरासकट पकडतं. हे मात्र खरंच आवडलं. 1997 पासून चालत आलंय, फुकट आहे, त्यामुळे फार कुरकुर करायला तोंड नाही. तरी लॅटेकचं (पीडीएफ काढायला लागणारं) आउटपुट न मागता का बनवतं, देव जाणे. आम्ही पीडीएफ कधीच काढली नाही. कॉल ग्राफच्या, म्हणजे कुठलं फंक्शन कुणाला बोलावतं त्या चित्राच्या, नादी लागू नका. आमचं चार मिनिटांचं काम अर्ध्या तासावर गेलं आणि चित्र म्हणजे गुंतलेला मांजा.

रविवारची दुपार बाण घालण्यात गेली. सोबत इशारा आला की बिल्ड (सगळं बांधून काढायचं काम) नापास करायची सेटिंगही लावून टाकली. सोमवारी आमच्या ज्युनिअरने स्ट्रक्चरच्या शेवटी नवं फील्ड टाकलं, पुढे नुसतं ///. बिल्ड लाल.

“दादा, एवढ्याशा बाणासाठी?”