विहिरीचं पाणी पिवळं: नुसता रिपोर्ट बघायचा की डोस काढायचा?

तमिळनाडूतल्या राणीपेटला बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याचा कचऱ्याचा डोंगर आहे, त्यातलं क्रोमियम झिरपून भूजलात उतरलंय. अशा ठिकाणी धोका मोजायचे दोन रस्ते.

पहिला सोपा. सँपल लॅबला द्या, आकडा आयएस १०५०० शी, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी, ताडून बघा. एकूण क्रोमियमची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम प्रति लिटर, वर गेलं की विहीर बंद. स्वस्त आणि झटपट, गावकऱ्यालाही कळतं. पण क्रोमियमची तीन आणि सहा अशी दोन रूपं असतात, हा आकडा त्यांत फरकच करत नाही, आणि खरं विष सहाच आहे!

दुसऱ्यात कोण किती पितं, किती वर्षं, वजन किती हे सगळं धरून रोजचा डोस काढतात आणि तो सुरक्षित डोसने भागतात, उत्तर १ च्या वर गेलं की काळजी. समजा पाण्यात क्रोमियम ०.०५ आहे आणि सगळं सहावालं. ६० किलोचा माणूस रोज २ लिटर पितो, डोस दर किलो वजनामागे दिवसाला ०.००१७ मिलिग्रॅम. १५ किलोचं पोरगं १ लिटर पितं, ०.००३३, म्हणजे डबल. अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण संरक्षण संस्थेने) २०२४ मध्ये सुरक्षित डोस ०.००३ वरून ०.०००९ केला, त्या हिशोबाने रिपोर्टात "पास" झालेलं पाणी दोघांनाही नापास.

मात्र दुसऱ्याला वेळ, पैसा लागतो आणि गृहीतकं ढिली धरली की हवं ते उत्तर निघतं, सल्लागार कोणाचा पगारी आहे ते आधी विचारा. मी तर पहिल्याने विहीर लगेच बंद करेन, सफाई कुठवर करायची ते दुसऱ्याने ठरवेन.