कामगारांसाठी लैंगिक आरोग्याचा उपक्रम: तयार शिबिर घ्यावं की वस्तीसोबत आखणी करावी?

हिंजवडी, वाघोली किंवा चाकणच्या परप्रांतीय कामगारांसाठी लैंगिक आरोग्याचं काम सुरू करायचं, तर संस्थेपुढे दोन वाटा असतात. तयार पोस्टर आणि भाषण घेऊन लेबर कॅम्पात शिबिर घ्यायचं, किंवा उपक्रम कसा हवा हे कामगारांसोबत बसूनच ठरवायचं. माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे.

शिबिर लवकर उभं राहतं. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी एका दिवसात होते. साईट दोन महिन्यांत उठणार असेल, तर तेच करावं. पण ठेकेदाराने रांगेत उभं केलेल्या माणसाची संमती खरी कशी मानायची? २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तपासणीआधी संमती आणि नंतर गोपनीयता सक्तीची केली आहे. निकाल मुकादमाच्या कानावर गेला तर त्या माणसाचं कामच धोक्यात येतं. म्हणून शिबिरातही समुपदेशनाला वेगळी खोली हवीच.

वस्तीसोबत आखणी करायला वेळ लागतो, पण कामाचा सगळा नकाशा बदलतो. कामाच्या दिवशी बैठक घेतली तर हजेरी बुडते, म्हणून लोक खर्ची (खर्चापुरती उचल) मिळते त्या रविवारी किंवा रात्री जेवणानंतर बोलावतात. बायकांना वेगळं बसायचं असतं; त्यांची बोलणी अंगावरून पांढरं जाण्यापासून सुरू होतात आणि विश्वास बसला की गावाहून परतलेल्या नवऱ्याला कंडोम वापरायला कसं सांगायचं, इथवर येतात. भोजपुरी किंवा ओडिया बोलणारा त्यांच्यातलाच कार्यकर्ता असेल, तर हे लवकर घडतं. कोलकात्याच्या सोनागाचीत १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनीच आपल्या सोबतिणींना माहिती द्यायला सुरुवात केली, आणि ती पद्धत पुढे देशभर गेली.

सगळ्यात मोठा फरक गावी जाण्याच्या प्रश्नावर पडतो. छठला किंवा पेरणीला गावी गेल्यावर एचआयव्हीच्या गोळ्या कुठे मिळणार? सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, उपचार मोफत असतात आणि ते दुसऱ्या राज्यातल्या केंद्राकडे वर्ग करता येतात. ही गोष्ट पोस्टरच्या कोपऱ्यात हरवते. वस्तीसोबत आखलेल्या उपक्रमात मात्र गाडीचं तिकीट काढण्याआधी तिची आठवण करून देणारा माणूस असतो.

या वाटेतही खाचखळगे आहेत. शिकवून तयार केलेला कार्यकर्ता अचानक दुसऱ्या साईटवर जातो, म्हणून एकाऐवजी तिघांना शिकवा आणि मानधन द्या. रोजंदारीवरच्या माणसाकडून फुकट काम घेणं मला पटत नाही. बैठकीत मोठ्याने बोलणाऱ्यालाच वस्ती समजू नका. पुरुषांशी संबंध असलेले पुरुष सगळ्यांसमोर तोंड उघडणार नाहीत, त्यांना एकट्याने भेटावं लागतं.

वर्षभराचा निधी हाताशी असेल तर वस्तीसोबतच आखा आणि तपासणीसाठी जवळच्या सरकारी केंद्राला जोडून घ्या. ती तिथे मोफत होते. निधी फक्त तीन महिन्यांचा असेल तर शिबिर घ्या, पण तारीख, वेळ आणि जागा कामगारांना ठरवू द्या, आणि १०९७ हा एचआयव्ही-एड्सचा मोफत हेल्पलाईन क्रमांक प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये साठवून द्या.