जुन्या वेलींची गार्नाचा: प्रिओरात घ्यावी की ग्रेदोस?

जुन्या वेलींची चांगली स्पॅनिश रेड वाइन घ्यायची एवढं पक्कं असेल, तर निवड बऱ्याचदा या दोन नावांवर येऊन अडते: प्रिओरात हा कॅटलोनियातला डोंगराळ मुलूख, ग्रेदोस हे माद्रिदजवळचे डोंगर. द्राक्ष दोन्हीकडे मुख्यतः गार्नाचाच, प्रिओरातमध्ये जोडीला कारिन्येना हे दुसरं द्राक्ष. माद्रिदच्या सहा वर्षांत आमच्याकडे दोन्ही आल्या. आता मात्र एकच येते.

आधी एक सांगतो. लेबलवर 'विन्यास विएहास' (जुन्या वेली) दिसलं म्हणून भुलू नका. जुनी वेल म्हणजे किमान 35 वर्षांची, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय द्राक्ष-वाइन संघटनेने 2024 मध्ये केली खरी, पण बाटलीवर हे शब्द बरेच सैल वापरले जातात. मागच्या बाजूला लागवडीचं साल किंवा मळ्याचं नाव छापलंय का, ते बघा.

प्रिओरातबद्दल मला मनापासून आदर आहे. 12व्या शतकात स्काला देईच्या मठातल्या साधूंनी त्या डोंगरांत द्राक्षं रुजवली. 19व्या शतकाच्या अखेरीस फायलोक्सेराच्या किडीने मळे उद्ध्वस्त केले, गावं ओस पडत गेली. मग रने बार्बिये, आल्वारो पालासिओस हे वाइन बनवणारे आणि त्यांचे सोबती ग्राताल्योप्स गावात एकत्र आले आणि 1989 च्या हंगामापासून या मुलखाचं नाव जगभर झालं. तिथली जमीन म्हणजे आपल्या शाळेच्या पाटीचा दगड, काळा, पापुद्रे सुटणारा. माती जवळपास नाहीच. मुळं भेगांतून खोल उतरतात, म्हाताऱ्या वेलीला मोजकेच घड लागतात आणि त्यांचा रस दाट निघतो. पहिल्या घोटाला तोंड भरून जातं.

माझी अडचण दुसऱ्या पेल्यापासून सुरू होते.

जुलैतला रविवार होता. मटणाचा रस्सा, त्यात घरून आणलेला कांदा-लसूण मसाला. 35 युरो मोजून आणलेली प्रिओरात ओट्यावर उघडून ठेवलेली. दुसरा पेला तोंडाशी नेला तर फळाच्या आधी अल्कोहोलचीच वाफ नाकात शिरली आणि जिभेवरचं तिखट दुपटीने भडकलं. बायकोने पेला बाजूला सारला आणि ताक ओतून घेतलं. पुढच्या खेपेला बाटली थंड करून पाहिली, तर तुरटपणा वर आला. तीन वेळा, तीन वेगवेगळ्या बाटल्यांचं हेच झालं, आणि तिन्ही वेळा सकाळी निम्मी बाटली शिल्लक. वाइन आवडली की नाही हे ठरवायला माझ्याकडे यापेक्षा चांगलं माप नाही.

ग्रेदोसचे डोंगर माद्रिदहून गाडीने तासा-दीड तासावर. सेब्रेरोसच्या बाजूला गेलात तर नाशिकच्या मांडवांची सवय असलेल्या डोळ्यांना ते मळे आधी ओळखूच येत नाहीत. ना तार, ना खांब. वाळूत गुडघाभर उंचीचे पिळलेले बुंधे, एकेकटे उभे. बरेच मळे 800 मीटरच्या वर, रात्री गार, जमीन बहुतेक ग्रॅनाइटच्या भुग्याची. वाइनचा रंग डाळिंबाच्या रसाइतका फिका. पहिल्यांदा पाहताना पैसे वाया गेले असं वाटेल, पण थोडं थांबा. संत्र्याच्या सालीचा, रानातल्या पाल्याचा वास येतो आणि शेवटी छान आंबट धार राहते. लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा पाहिलात तर फरक फार नसतो, 14 किंवा साडेचौदा दिसेल. पण ही वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली तरी रुसत नाही, उलट खुलते, आणि रश्श्यासोबत तिसरा पेलाही जातो. सुरुवात करायची तर 2008 साली सुरू झालेल्या 'कोमांदो जी' या उत्पादकांची 'ला ब्रुहा दे रोसास' बघा.

ग्रेदोसची गैरसोयही आहे. छोटे उत्पादक, थोड्या बाटल्या, दुकानात दर वेळी मिळेलच असं नाही. आणि तुमच्या घरी तिखट बेताचं असेल, निखाऱ्यावरचं मांस आवडत असेल, बाटली आठ-दहा वर्षं गारव्यात ठेवायची सोय असेल, तर प्रिओरात कदाचित तुम्हाला जास्त देईल.

मागच्या मे महिन्यात पुण्याला आलो. कस्टमच्या दोन लिटरच्या सवलतीत 750 मिलीच्या दोनच बाटल्या बसतात. टॉवेलात गुंडाळून आणल्या, दोन्ही ग्रेदोसच्या.