बॅलन्स्ड ॲडव्हान्टेज फंड: पडत्या मार्केटमध्ये वापरून पाहिला, कसा आहे?

बॅलन्स्ड ॲडव्हान्टेज फंड म्हणजे शेअर्स आणि बॉण्ड (कर्जरोखे) दोन्हींत पैसे घालणारा म्युच्युअल फंड. सध्या ज्याला त्याला हाच गळ्यात मारतायत म्हणून म्हटलं नीट लिहूनच टाकू. सप्टेंबर २०२४ ला निफ्टी २६,२७७ ला जाऊन आला, मग घसरगुंडी, त्यात जुलै-सप्टेंबर तिमाहीचा जीडीपी ग्रोथचा आकडा ५.४ टक्के आल्यावर नुसती बोंबाबोंब, आणि ७ एप्रिल २०२५ ला ट्रम्पच्या टॅरिफच्या धसक्याने निफ्टी थेट २१,७४३. तिकडे रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो रेट (बँकांना ती ज्या दराने कर्ज देते तो) साडेसहावरून सव्वापाचवर आणला, म्हणजे होमलोनवाले खूश आणि एफडीवाले रडकुंडीला. शेअर्समध्ये धडधड, एफडीत व्याज नाही, मग मधला मार्ग म्हणून हे प्रॉडक्ट. बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशातला एक भाग यात आहे, तेव्हा हा रिव्ह्यू ऐकीव नाही.

आधी विक्रीबद्दल. बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर (बँकेचं नाव जाऊ दे) बाबांना म्हणाला, "काका, एफडीच समजा, फक्त टॅक्स कमी." समोर पडलेल्या कागदावर रिस्कोमीटरचा (फंडात जोखीम किती ते दाखवणारं चित्र) काटा 'व्हेरी हाय'वर. बाबांनी त्यावर बोट ठेवून विचारलं हे काय, तर म्हणे "ते सेबीमुळे छापावं लागतं हो काका." (सेबी म्हणजे शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था.) बाबा काही बोलले नाहीत, कागद घडी करून घरी घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवला. फंड मग आम्ही घेतलाच, पण डायरेक्ट प्लॅनमधून, म्हणजे मधल्या एजंटाच्या कमिशनशिवाय, त्या पोराकडून नाही.

आता आत काय असतं ते. फंड मॅनेजर शेअर्स आणि बॉण्ड यांचं प्रमाण मार्केट बघून बदलत राहतो. पण टॅक्ससाठी इक्विटी फंड धरला जावा तर शेअर्स किमान ६५ टक्के लागतात, मग मार्केट महाग वाटत असताना कमी कसे करणार? तर शेअर्स तसेच ठेवायचे आणि त्यांच्यासमोर फ्युचर्स विकायचे, म्हणजे पुढच्या तारखेला ठरल्या भावाने विकायचा करार, भाव पडले तर शेअर्समधला तोटा तिथे भरून निघतो. फॅक्टशीट (फंडाचं दर महिन्याचं माहितीपत्रक) उघडा, होल्डिंग्जच्या यादीत शेअरच्या नावापुढे उणे चिन्हाचा आकडा दिसेल, ते हेच. समजा शेअर्स ६८ टक्के आणि विकलेले फ्युचर्स २२ टक्के, तर तुमचे खरोखर मार्केटच्या भरवशावर फक्त ४६. याला नेट इक्विटी म्हणतात आणि माझ्या मते अख्ख्या फॅक्टशीटमधला कामाचा आकडा हा एकच, तरी तो बहुतेकदा कुठेतरी बारीक अक्षरात असतो आणि पहिल्या पानावर ठळक काय तर मागच्या ३ वर्षांचे रिटर्न!

कारण गंमत अशी की सेबीने २०१७ मध्ये ही कॅटेगरी केली तेव्हा शेअर्स किती आणि बॉण्ड किती यावर बंधनच ठेवलं नाही. त्यामुळे हे म्हणजे मिसळीसारखं झालंय, पाटीवर सगळीकडे मिसळच, पण कुठे तर्रीने डोळ्यात पाणी येणार आणि कुठे गोडसर रस्सा हे वाटी समोर आल्याशिवाय कळत नाही. आयसीआयसीआय प्रुडेन्शियलचा फंड प्राइस टू बुकचं (शेअरचा भाव कंपनीच्या हिशोबातल्या किमतीच्या किती पट) मॉडेल बघून चालतो, मार्केट महाग झालं की कमी करतो. एडलवाइसचा उलट, ट्रेंड बघतो, मार्केट चढत असेल तर वाढवतो. एचडीएफसीचा म्हणजे मूळचा प्रुडन्स फंड, त्याचा कल पहिल्यापासून शेअर्सकडे जास्त. एकच कॅटेगरी, तीन स्वभाव. आणि लोक तिघांचे रिटर्न शेजारी ठेवून "हा बेस्ट" म्हणतात, अरे बाबा ज्याच्यात शेअर्स जास्त तो तेजीत पुढे राहणारच ना.

आमचा फंड व्हॅल्युएशनवाला आहे, म्हणजे मार्केट महाग की स्वस्त ते बघून चालणारा. एप्रिलच्या त्या सोमवारी टीव्हीवर सगळं लालभडक होतं तेव्हा याची एनएव्हीही (एका युनिटची किंमत) पडली, पण निफ्टीच्या निम्म्याहूनही कमी, बाबांनी ॲप उघडून बघितलं आणि परत पेपर वाचायला लागले. त्यांच्यासाठी हाच रिटर्न. पण नंतर मार्केट उसळलं तेव्हा हा मागेच रेंगाळला, चिडचिड होते तेव्हा, हे धरूनच चालायचं. ट्रेंडवाल्यांना तर असा झटकन पडून झटकन उठणारा बाजार जास्तच त्रासाचा, पडल्यावर कमी करायचं आणि चढल्यावर महागात परत घ्यायचं.

मग स्वतःच निम्मा इंडेक्स फंड (निफ्टीसारख्या निर्देशांकाची नक्कल करणारा) आणि निम्मी एफडी का नको? चालेल की, स्वस्तही पडेल. पण दर वेळी प्रमाण जुळवायला युनिट विकले की टॅक्स, वर्षाच्या आत २० टक्के, वर्षानंतर सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा. फंडाच्या आत हीच अदलाबदल झाली तर तुम्हाला काही भरावं लागत नाही. शिवाय एप्रिलमध्ये घाबरलेल्या माणसाला एफडी मोडून शेअर्स घ्यायला सांगून बघा, घेतोय का.

खर्चाचं बघाच. रेग्युलर (एजंटाचं कमिशन धरून असलेला प्लॅन) आणि डायरेक्टच्या खर्चात फंडाप्रमाणे साधारण अर्धा ते सव्वा टक्का फरक दिसतो. १ टक्का धरला तरी १० लाखांवर वर्षाला १० हजार, आणि एवढ्या बेताच्या रिटर्नच्या प्रॉडक्टमध्ये ते टोचतात. बॉण्डच्या भागात सरकारी रोखे जास्त आहेत ना तेवढं बघा. एक्झिट लोड (लवकर पैसे काढले तर कापतात तो आकार) वेगवेगळा असतो. आणि दरमहा 'डिव्हिडंड' मिळेल म्हणून कोणी विकत असेल तर सरळ नाही म्हणा, ते तुमचेच पैसे तुम्हाला परत देतात, वर स्लॅबप्रमाणे टॅक्स. महिन्याला पैसे हवे असतील तर ग्रोथ (डिव्हिडंड न देता पैसे फंडातच ठेवणारा पर्याय) घेऊन एसडब्ल्यूपी लावा, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम आपोआप काढून घेण्याची सोय, आम्ही तेच केलंय.

कोणासाठी: रिटायर झालेले, किंवा ५-७ वर्षांनी पैसे लागणारेत आणि पोर्टफोलिओकडे रोज बघायचं नाहीये असे. २५-३० च्या पोरांनी यात एसआयपी कशाला करायची मला कळत नाही, माझा स्वतःचा एक रुपया यात नाही. वर्षा-दोन वर्षांत लागणारे पैसेही नकोत, ते एफडीतच बरे, व्याज कमी तर कमी.

५ पैकी साडेतीन. रेग्युलर प्लॅन असेल तर अडीच.