‘पाइप बेंड आहेत’ म्हणाला, तर काचेवर फिरवून दाखवायला सांगा

बाइकच्या पुढच्या शॉकअपमधून, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंच्या धक्के झेलणाऱ्या पाइपांमधून, ऑइल गळतंय म्हणून गाडी गॅरेजला नेली आणि मेकॅनिकने नुसतं बघूनच "साहेब, दोन्ही पाइप बेंड आहेत, बदलावे लागतील" असं सांगितलं, तर तिथेच थांबा. याच वाक्यावर माझे ६,८०० रुपये गेले.

पावसाळाभर मुंबईच्या एलबीएस मार्गाचे खड्डे खाल्लेली गाडी. डिस्क ब्रेकच्या बाजूच्या पाइपवर आधी तेलकट रिंग दिसली, मग ऑइल ओघळून ब्रेकपॅड धरणाऱ्या कॅलिपरपर्यंत आलं. हे काम टाळून चालत नाही. ब्रेकपॅडला ऑइल लागलं की पुढचा ब्रेक धरत नाही, आणि पावसात, मागे बेस्टची बस असताना, ते जिवावर बेतू शकतं. हीच भीती घालून गॅरेजवाल्याने मला तयार केलं. संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा पाइप लखलखत होते, वर नवंकोरं काळं रबर. जुने पाइप मागितले तर "भंगारवाला घेऊन गेला." बिल मागितलं तर वहीच्या पानावर नुसता आकडा.

काही दिवसांतच ब्रेक मारला की गाडीचं तोंड खाली आदळायला लागलं. मग परत तीच तेलकट रिंग. गॅरेजवाल्याचं उत्तर, "रस्तेच असे आहेत, मी काय करणार?"

भांडुपच्या एका जुन्या मेकॅनिककाकांनी माझ्यासमोर शॉकअप उघडला. पाइप माझेच होते. वर क्लॅम्पच्या पकडीत झाकला जाणारा जुना गंज तसाच होता, खालचा दिसणारा भाग फक्त पॉलिश पेपरने घासलेला. नवं काळं रबर म्हणजे डस्ट सील, त्याचं काम फक्त धूळ अडवणं. ऑइल धरून ठेवणारं ऑइल सील त्याच्या खाली लपलेलं असतं, आणि ते जुनंच, ओठ झिजलेलं निघालं. ऑइलही शॉकअपसाठीचं फोर्क ऑइल नव्हतं. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल, एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला त्याहून कमी. सुरुवातीला गळती दिसली नाही ती त्यामुळेच. आत गळायला पुरेसं काही नव्हतंच!

"बाळा, बेंड कुठे आहे ते बघ," म्हणत काकांनी पाइप जाड काचेवर ठेवून फिरवला. वाकलेला पाइप काचेवर फिरताना उचलला जातो, खाली फट दिसते. माझे दोन्ही पाइप सरळ होते. डिस्कच्या बाजूच्या पाइपवर मात्र गंजाचे बारीक टोचे होते. समुद्राच्या खाऱ्या हवेत क्रोमला असे टोचे पडतात आणि त्यांची धार सीलचा ओठ कापते. बारीक असतील तर घासून गुळगुळीत करता येतात. खोल असतील तरच पाइप बदलण्याचा किंवा क्रोम करण्याचा प्रश्न येतो. काकांनी दोन्ही सील, खालच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर आणि कंपनीने सांगितलेल्या मापाने दोन्हीकडे सारखं फोर्क ऑइल घातलं. खर्च आधीच्या चौथा हिस्साही नव्हता. कधीकधी तर सीलच्या ओठाखाली फक्त कचरा अडकलेला असतो. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी आत फिरवली की तो निघतो आणि गळती थांबते.

त्या गॅरेजबाहेर आजही डिलिव्हरीच्या पोरांच्या गाड्या रांगेत असतात. त्यांच्या कष्टाचे पैसे असे जाऊ नयेत, आणि निम्म्या ऑइलवर चालणाऱ्या गाडीवरून त्यांच्यातलं कुणी पडू नये, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिलं. सील उघडताना समोर उभे राहा, जुना माल पिशवीत घालून घरी आणा, पैसे यूपीआयनेच द्या. बिल नाकारणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. वहीचं ते पान, यूपीआयची नोंद आणि काकांनी काढलेल्या सीलचे फोटो जोडून मी तिथे तक्रार नोंदवली आहे. पैसे परत मिळाले नाहीत, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.