क्रँक बदलून दिली आणि आम्ही मापच तपासत बसलो

घरच्या शेडमध्ये स्वतः इंजिन बांधणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सगळं काम घरी होत नाही, ब्लॉक (सिलिंडरचा मुख्य ओतीव भाग) आणि क्रँक (पिस्टनची वरखाली हालचाल फिरती करणारा दांडा) मशिनवर पाठवावीच लागते. आमचा घात त्या चार दिवसांत झाला.

गाडी टाटा २५१५, दहा टायर, २००९ चं मॉडेल, कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं इंजिन. मालक मी आणि ड्रायव्हरही मीच. हंगामात ऊस ओढायचा, एरवी मिळेल ते भाडं. २०२३ च्या मे महिन्यात ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर सुटायला लागला, ऑईल आठवड्याला दोन लिटर जायला लागलं. फुल इंजिन काम करायचं ठरलं. गॅरेजवाल्याचा मजुरीचा आकडा ऐकून घरीच करायचं ठरवलं, कारण घरात मामा आहेत. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, हाताखाली शेकडो इंजिनं गेलेली. चेनपुली भाड्यानं आणली, शेडच्या गर्डरला लटकवली आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इंजिन खाली घेतलं.

मामांची शिस्त कडक. प्रत्येक रॉड आणि त्याची कॅप जुळवून नंबर मारायला लावले. पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमानं खोचले. जुनी बेअरिंग निघाली तेव्हा पाठीवर एसटीडी असा शिक्का होता. मामा म्हणाले, "बघ, क्रँकला अजून कुणी हात लावलेला नाही. स्टँडर्ड आहे. पॉलिशवर सुद्धा भागेल कदाचित." ती बेअरिंग मी एका बरणीत टाकून ठेवली. ठेवली हे बरं झालं. माझ्या मुलानं उघडलेल्या सगळ्या पार्टचे फोटो काढले होते, परत बसवताना गोंधळ नको म्हणून. क्रँक बाजेवर पोत्यावर आडवी ठेवलेली, तिचाही एक फोटो होता. रॉडवर नंबर मारले, क्रँकवर मात्र काहीच खूण केली नाही. ती एकच असते, ती कुठे हरवणार, असं वाटलं.

दुकानाचं नाव आणि गाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. चांगलं चालणारं दुकान, बाहेर कायम दोन-चार ब्लॉक पडलेले. मालक बोलायला गोड. "पाव्हणं, काळजी सोडा, घरचं काम समजून करतो." ब्लॉक बोरिंगला, क्रँक, हेड आणि रॉड दिले. या इंजिनाला मूळचं लायनर नसतं, ब्लॉकमध्येच बोर असतो, १०२ मिलिमीटरचा. तो अर्ध्या मिलिमीटरनं वाढवून ओव्हरसाईज पिस्टन घालायचे ठरलं. क्रँकचं "बघून सांगतो" म्हणाले. क्रॅक टेस्टचे ६०० रुपये वेगळे सांगितले, ते मी आनंदानं कबूल केले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाले, टॅक्स भरावा लागेल, कशाला वाढवताय. मी चिठ्ठीवर समाधान मानलं.

तिसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज आला. "पाव्हणं, क्रँक पॉईंट पंचवीसवर साफ झाली नाही. पॉईंट पन्नासवर न्यावी लागली. बेअरिंग तसंच घ्या." म्हणजे क्रँकचे जर्नल, बेअरिंगमध्ये फिरणारे तिचे गोल भाग, अर्धा मिलिमीटर घासले. एक पायरी पाव मिलिमीटरची असते.

मामांना हे पटलं नव्हतं. स्टँडर्ड क्रँक, कुठे ओरखडा नाही, मग एकदम दोन पायऱ्या खाली कशी? पण मशिनवाला मशिनवर बघून सांगतोय, आपण काय म्हणणार? सामान घरी आलं तेव्हा मामांनी मायक्रोमीटर काढला. या इंजिनाचं मेन जर्नल मूळ ८३ मिलिमीटर, रॉडचं ६९. आमच्या हातात ८२.५० आणि ६८.५० आलं, सातही मेन आणि सहाही रॉड, प्रत्येक दोन ठिकाणी मोजून. माप चोख होतं. क्रँक कॉस्टिकमध्ये उकळून आल्यासारखी अंगानं काळपट दिसत होती, जर्नल आरशासारखे. मामा एवढंच म्हणाले, "अंगानं जरा वेगळीच दिसती रं." मी म्हटलं, धुतल्यामुळं असेल. हे वाक्य मी उच्चारलं नसतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं. माप बरोबर आहे म्हणजे वस्तू आपलीच आहे, असं आम्ही धरून चाललो.

बांधणी मात्र आम्ही मनापासून केली. आठ दिवस रोज संध्याकाळी. प्लास्टिगेज (दाबून फट मोजायची मेणासारखी बारीक दोरी) ठेवून मेन बेअरिंगचा गाळा बघितला, ०.०८ मिलिमीटर आला. मेन बोल्ट तीन टप्प्यांत १७६ न्यूटन-मीटरपर्यंत, रॉडचे १०० पर्यंत, टॉर्क रिंच शेजारच्या गावातून मागून आणलेला. प्रत्येक कॅप कसली की मामा क्रँक हातानं फिरवून बघायचे. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट इनटेकला ०.२५, एक्झॉस्टला ०.५१. शेवटच्या रात्री स्टॉप (इंजिन बंद करायची केबल) ओढून धरून स्टार्टर मारला, ऑईलचा काटा उचलला आणि मग स्टॉप सोडला. दुसऱ्या फेरीला इंजिन लागलं. मामांनी व्हॉल्व्ह कव्हरवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. बायकोनं नारळ फोडला.

त्या वर्षी ऊसदराच्या आंदोलनामुळं आमच्याकडची वाहतूक नोव्हेंबर सरता सरताच सुरळीत झाली. तोवर मी गाडी हलक्या भाड्यांवरच जपून चालवली, ऑईल एकदा बदललं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, उसानं भरलेली गाडी पेठ नाक्याच्या अलीकडच्या चढाला असताना खालून एकच जड ठोका आला. मग काटा पडला आणि अख्खी केबिन हादरायला लागली. मी लगेच स्टॉप ओढला. गाडी तिथंच उभी. ऊस दुसऱ्या गाडीत भरायला मजूर शोधण्यात रात्र गेली, त्या रात्रीचं भाडं गेलं आणि पुढच्या हंगामाची सगळी गणितं गेली.

चेंबर (इंजिनाखालची ऑईलची टाकी) खाली घेतलं तर क्रँक पाचव्या रॉडच्या जर्नलपाशी तुटलेली. तुटलेला भाग हातात घेतला तो क्षण मला विसरता येत नाही. अर्धा भाग गुळगुळीत, काळसर, शिंपल्यावर असतात तशा वाकड्या रेषा. उरलेला अर्धा ताजा, खडबडीत, साखरेसारखा चमकणारा. आमच्या ओळखीत पॉलिटेक्निकला शिकवणारे एक सर आहेत, त्यांना दाखवला. ते म्हणाले, काळा भाग म्हणजे जुनी चीर. हळूहळू वाढत आलेली, ऑईल आत शिरून काळी पडलेली. चमकणारा भाग तेवढा त्या दिवशी तुटला. त्यांनी आणखी एक गोष्ट बोटानं दाखवली. जर्नल आणि वेब (जर्नलांना जोडणारा आडवा भाग) जिथं मिळतात तिथं मूळ क्रँकला व्यवस्थित गोलाई असते. इथं ग्राइंडिंगच्या दगडानं ती गोलाई खाऊन जवळजवळ काटकोन केला होता. सगळा ताण त्याच कोपऱ्यात साचतो.

आणि क्रॅक टेस्ट? खरी टेस्ट चुंबकानं होते. क्रँकमध्ये चुंबकत्व भरतात, वरून लोखंडाचा बारीक चुरा मिसळलेलं तेल सोडतात, चीर असेल तिथं चुरा रेघ धरून बसतो. ही चीर जूनमध्ये थोडीफार जरी असती तरी त्या टेस्टमध्ये दिसायला हवी होती. आमच्या मते टेस्ट झालीच नव्हती.

तरीही तोपर्यंत आम्ही हलगर्जीपणाच समजत होतो. त्या रात्री मुलानं जूनमधले फोटो उघडले. प्रत्येक क्रँक कारखान्यात फिरवून तिचा तोल साधतात. जिथं वजन जास्त तिथं काउंटरवेटला (क्रँकवरच्या तोलाच्या वजनाला) ड्रिलनं भोक पाडून धातू काढतात. ही भोकं किती, कुठं आणि किती खोल, हे प्रत्येक क्रँकचं निराळं असतं. आमच्या फोटोत फ्लायव्हीलकडच्या शेवटच्या काउंटरवेटला दोन भोकं शेजारी शेजारी होती, एक खोल आणि एक नुसतं टेकवल्यासारखं उथळ. समोर पडलेल्या तुटक्या क्रँकला त्याच जागी तीन भोकं होती, तीही दुसऱ्या कडेला. मामा बॅटरी घेऊन पुन्हा पुन्हा मोजत राहिले. मग बाजेवर बसले आणि म्हणाले, "आपली नव्हंच ही."

यात पैसा कुठं आहे ते तेव्हा उलगडलं. कुणी हात न लावलेली स्टँडर्ड क्रँक म्हणजे पुढं तीन-चार वेळा ग्राइंड करता येईल असा माल, त्याला चांगली किंमत येते. एकदा घासलेली, चीर गेलेली क्रँक भंगाराच्या भावाची. ती आणखी एक पायरी घासून आमच्या गळ्यात मारली, वर ग्राइंडिंगची मजुरी आणि टेस्टचे ६०० रुपयेही घेतले. अडाणी गिऱ्हाईक असतं तर मापसुद्धा बघितलं नसतं. आम्ही बघणार हे त्यांना माहीत होतं, म्हणून माप अचूक ठेवलं.

दुकानात गेलो तर आधी ओळख नाही, मग "इथं रोज दहा क्रँक येतात", मग "घरी बांधलंय, तुमच्या बांधणीत चूक असेल". शेवटचं वाक्य मामांच्या तोंडावर बोलले. मामा काही न बोलता बाहेर येऊन उभे राहिले. ते मला पैशापेक्षा जास्त लागलं.

नवी क्रँक, बेअरिंग, ब्लॉकचं लाईन बोरिंग (मेन बेअरिंगच्या जागा पुन्हा एका रेषेत आणणं), टोईंग आणि बुडालेली भाडी धरून दीड लाखाच्या वर गेलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, दुकानाकडून उत्तर आलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. बरेच जण सांगत होते की ट्रक म्हणजे धंदा, तू ग्राहक होत नाहीस. वकिलांनी समजावलं की २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेणारा ग्राहकाच्या व्याख्येत बसतो. मी स्वतः गाडी चालवतो, माझी एकच गाडी आहे, हे तिथं कामाला आलं. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. अडलं ते पक्क्या बिलापाशी. चिठ्ठीवर दुकानाचं नावसुद्धा नाही. तारलं ते यूपीआयच्या नोंदींनी, "पॉईंट पन्नासवर न्यावी लागली" या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या व्हॉइस मेसेजनं आणि मुलाच्या फोननं. मूळ फोटो त्याच फोनमध्ये तारखेसकट आहेत. वकिलांनी तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका म्हणून बजावलंय. बरणीतली जुनी एसटीडी बेअरिंगही पुराव्यात जोडली आहेत. तारखा चालू आहेत.

नवी क्रँक घेतली तेव्हा मामांनी बसवण्याआधी काउंटरवेटच्या बाहेरच्या अंगावर इलेक्ट्रिक पेननं गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे कोरले. जर्नलवर किंवा गोलाईवर खूण कधी करायची नाही, तिथूनच चीर सुरू होते. आता घरातून काहीही मशिनला जायचं असेल तर आधी सगळे जर्नल मोजून कागदावर उतरवतो, तोल साधलेल्या भोकांचे जवळून फोटो घेतो आणि तो कागद दुकानदारासमोर ठेवून सही मागतो. परवा भावकीतल्या एकाच्या लेलँडची क्रँक घेऊन गेलो होतो. एका दुकानदारानं सही द्यायला नकार दिला. आम्ही क्रँक उचलून परत गाडीत ठेवली, दुसऱ्यानं काही न बोलता सही केली आणि ग्राइंडिंग होईपर्यंत बसायला खुर्ची दिली.

सांगली, कोल्हापूर, सातारा भागात २०२३ च्या जूननंतर कुणी कमिन्स ५.९ ची जुनी स्टँडर्ड क्रँक विकत घेतली असेल, तर पुढच्या वेळी चेंबर उघडाल तेव्हा फ्लायव्हीलकडच्या शेवटच्या काउंटरवेटवर एकदा बॅटरी मारून बघा. दोन भोकं शेजारी शेजारी, एक खोल, एक उथळ. तशी दिसली तर मला कळवा. क्रँक परत मागणार नाही, फक्त कुणाकडून घेतली ते सांगा.