एक्सप्रेसमध्ये पॅरामीटर कंट्रोलरकडे द्यायचे कसे: अख्खी रिक्वेस्ट की सुटं मूल्य?

एक्सप्रेस म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये वेब सर्व्हर लिहायचं फ्रेमवर्क. त्यात राउट (पत्ता आणि त्यावर काय चालवायचं याची नोंद) पत्त्यातून आलेलं मूल्य, म्हणजे पॅरामीटर, कंट्रोलरकडे (खरं काम करणाऱ्या फंक्शनकडे) सोपवतो. हे दोन रीतींनी करता येतं. कंट्रोलरला अख्खा रिक्वेस्ट ऑब्जेक्ट द्यायचा आणि त्याने 'रिक.पॅराम्स'मधून हवं ते उचलायचं. नाहीतर राउटवरच मूल्य काढून, तपासून साध्या आर्ग्युमेंटसारखं पुढे द्यायचं. रावेर-यावलकडच्या केळी व्यापाऱ्यांच्या पावत्यांचं काम माझ्याकडे आहे, तिथे दोन्ही वापरून झाल्या.

पहिली रीत झटपट होते. चार-पाच राउटचंच काम असेल तर दुसरीच्या भानगडीत पडू नका, असंच मी म्हणेन.

माझं मन फिरलं ते नेस्टेड राउटरमुळे, म्हणजे राउटच्या एका गटात दुसरा गट बसवल्यामुळे. व्यापाऱ्याच्या आत पावत्या, आणि दोन्हीकडे पॅरामीटरचं नाव ':आयडी'. आतल्या राउटरला बाहेरचा आयडी मुळात दिसत नाही. त्यासाठी आतल्या राउटरचा 'मर्जपॅराम्स' (बाहेरचे पॅरामीटर आत घ्यायचा पर्याय) ट्रू करावा लागतो. ते केलं की नावं सारखी असल्याने आतलं मूल्य वरचढ ठरतं आणि व्यापाऱ्याचा आयडी गायब. म्हणून बाहेरच्याचं नाव ':व्यापारीआयडी' करायचं. आता पावत्यांच्या यादीचा कंट्रोलर दुसऱ्या फाइलमध्ये बसून अजून 'रिक.पॅराम्स.आयडी'च वाचत असेल, तर जावास्क्रिप्ट हूं की चूं करत नाही. हाती अनडिफाइन्ड येतं, फिल्टरला काही सापडत नाही आणि 200 (सगळं ठीक) स्टेटससोबत रिकामी यादी जाते. इकडे शेतात केळीच्या गाड्या भरतायत आणि व्यापाऱ्याचा फोन येतो, "भाऊ, आज एकही पावती दिसत नाही." लॉग उघडावा तर एररची एक ओळ नाही. एवढ्या एका गोष्टीपायी मी दुसऱ्या रीतीकडे वळलो.

दुसऱ्या रीतीत पत्त्यातलं नाव आणि ते वाचणारी ओळ एकाखाली एक असतात, चुकलं तर डोळ्यांना दिसतं. पॅरामीटर स्ट्रिंग म्हणूनच येतो, '42' आणि 42 तीन बरोबरच्या चिन्हांनी जुळत नाहीत. तो नंबर करणं आणि नंबर नसेल तर 400 (रिक्वेस्ट चुकीची) पाठवणंही तिथेच उरकतं. एक्सप्रेस 5 मध्ये पत्त्यातच 'फक्त आकडे' असा रेजेक्स (मजकूर जुळवायचा नमुना) लिहायची सोय राहिली नाही, त्यामुळे ही तपासणी तशीही आपल्याच गळ्यात आहे. शिवाय रात्री दिवसभराच्या पावत्यांची बेरीज करणारा जॉब तेच फंक्शन सरळ बोलावतो, खोटी रिक्वेस्ट बनवावी लागत नाही.

ओळी वाढतात, हे खरं. तीन-चार मूल्यं असली की क्रम चुकायची भीतीही असते. मी तेव्हा ती मूल्यं नावांसकट एकाच ऑब्जेक्टमध्ये देतो. 'अ‍ॅप.पॅराम'चा (ठराविक पॅरामीटर आला की आपोआप चालणाऱ्या फंक्शनचा) मधला मार्ग काहींना आवडेल, पण तो आत जोडलेल्या राउटरांना लागू होत नाही, म्हणजे माझी अडचण जिथल्या तिथेच.

जुना प्रोजेक्ट असेल तर सगळा उकरू नका. नेस्टेड राउटर तेवढे आधी बदला, बाकीचे हात लागतील तसे.